फ्रीलान्स लेखनाची वेबसाईट केलीये, पण काम देणारं कोणी तिथे येत नाही. काय करू?

लेखणी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात असते, फ्रीलान्स मराठी लेखन आणि इंग्रजी-मराठी अनुवाद करते. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कंपन्यांची माहितीपत्रकं, कधी कुणाच्या पंच्याहत्तरीचा गौरवअंक, अशी कामं. आजवर सगळं काम ओळखीतून आलं, एकाने दुसऱ्याला नंबर दिला की झालं. पण ज्यांनी कामं द्यायची ते हळूहळू रिटायर व्हायला लागलेत आणि त्यांच्या जागी जी नवीन मुलं आलीत ती मला ओळखत नाहीत, म्हणून वेबसाईट करून घेतली. वर्डप्रेसवर आहे, होम, माझ्याविषयी, सेवा, ब्लॉग, संपर्क एवढी पानं. ब्लॉगवर मी ललित लिहिते, पंचगंगेचा घाट, पाऊस, वाचलेली पुस्तकं वगैरे.

फेसबुकवर लिंक टाकली की मैत्रिणी आवर्जून वाचतात, छान छान कमेंट येतात, पण 'आमचा अहवाल लिहून द्याल का' असं विचारणारा माणूस वेबसाईटवरून अजून आलेला नाही. आता एका एजन्सीचे फोन येतायत, दर महिन्याला पैसे भरा, गूगलच्या पहिल्या पानावर आणतो म्हणतात, शिवाय पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटवरून माझ्या साईटकडे येणाऱ्या लिंक, फ्री. द्यावेत का पैसे? की त्यापेक्षा सरळ जाहिरात करावी? आणि वेबसाईट मराठीत ठेवू की इंग्रजीत? हे माझं पोटापाण्याचं साधन आहे त्यामुळे ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

वेबमिस्त्री

ताई, एजन्सीला आत्ता काहीच देऊ नका. गूगलमध्ये पहिला नंबर कोणीच खात्रीने देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच त्यांच्या मदत-पानांवर लिहून ठेवलंय. आणि घाऊक विकत घेतलेल्या लिंक त्यांच्या नियमात स्पॅम धरतात, २०१२ साली पेंग्विन नावाचं अपडेट आलं तेव्हा असल्या लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साईट एका फटक्यात खाली गेल्या होत्या. तेव्हा फ्री दिल्या तरी नकोत.

आधी घरचं तपासा. गूगलमध्ये इंग्रजीत साईट असं लिहून कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमचा पत्ता टाका, तुमची किती पानं गूगलला माहीत आहेत ते साधारण कळेल. काहीच दिसलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगमध्ये जा, तिथे सर्च इंजिनांना दूर ठेवायचा एक चौकोन असतो, साईट बनवताना बरेच जण तिथे टिक करतात आणि ती तशीच राहून जाते. ती काढा. मग गूगल सर्च कन्सोलवर साईट जोडा (फुकट आहे) आणि साईटमॅप (साईटवरच्या पानांची यादी) सबमिट करा. पुढे लोक कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते तिथे क्वेरीजमध्ये दिसतं, सोळा महिन्यांचा डेटा राहतो. आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे, रोज बघून जीव टांगणीला लावू नका, नवीन साईटला वेळ लागतोच.

दुसरं म्हणजे टायटल. ब्राउझरच्या टॅबवर तुमच्या होमपेजचं नाव काय येतं? नुसतं 'होम' येत असेल तर गूगलला तुम्ही लेखिका आहात की शिकवणी घेता हे कळायला मार्गच नाही. तिथे 'मराठी अहवाल, स्मरणिका लेखन आणि अनुवाद, कोल्हापूर' असं सरळ लिहा.

तिसरी गोष्ट मराठी साईटवाल्यांना कोणी सांगत नाही. लेखाला देवनागरी शीर्षक दिलं की वर्डप्रेस लिंकसुद्धा देवनागरीच बनवतं. आत डेटाबेसमध्ये देवनागरीचा एकेक वर्ण टक्क्याच्या खुणा लावून नऊ अक्षरांत साठतो आणि लिंकच्या त्या भागाला मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे बावीसेक वर्ण झाले की लिंक मध्येच तुटते. शिवाय तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्के आणि आकड्यांची लांबच लांब माळ दिसते, अनोळखी माणूस ती व्हायरसची लिंक समजून उघडतच नाही. म्हणून प्रत्येक पानाची लिंक रोमन अक्षरांत, छोटी, हाताने टाईप करा. मजकूर मराठीच राहू द्या, फक्त पत्ता रोमन. जुन्या लेखांची लिंक बदललीत तर आधी टाकलेल्या लिंकवरून नवीनवर माणूस जातोय ना तेवढं बघा, वर्डप्रेस बहुतेक वेळा ते आपोआप करतं.

आणि तुमच्या कामाचे नमुने साईटवर कसे टाकलेत? फोटो की पीडीएफ?

लेखणी_कोल्हापूर

खूप धन्यवाद. तपासलं, होमपेज आणि दोन ब्लॉग एवढंच दिसतंय, आणि टॅबवर खरंच 'होम' येतंय. नमुने पीडीएफमध्ये आहेत, प्रेसवाल्यांकडून आल्या तशाच चढवल्यात. जुने अहवाल श्रीलिपीत केलेले होते.

वेबमिस्त्री

तिथेच पाणी मुरतंय. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो पण बहुतेक वेळा आतून ती वेगळीच अक्षरं असतात. त्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, काहीतरी अगम्य आलं तर गूगललासुद्धा तसंच दिसतं. म्हणजे तुमचं सगळ्यात चांगलं काम सर्चच्या दृष्टीने नाहीच. पीडीएफ काढू नका, पण प्रत्येक नमुन्याचं वेगळं पान करा, दोन-तीन परिच्छेद युनिकोडमध्ये (मोबाईलवर मराठी टाईप करतो त्या पद्धतीत) पुन्हा टाईप करा आणि वर चार ओळी लिहा की काम काय होतं, माहिती कशी गोळा केली, किती पानांचं झालं.

अनुवाद_नाशिक

मी अनुवादातली आहे त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. वेबमिस्त्री म्हणतात ते सगळं करा पण त्याने रस्ता मोकळा होईल, माणसं येतील असं नाही. तुमच्या साईटवर येणारा वाचक आणि तुम्हाला काम देणारा गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसं आहेत आणि सध्या तुमचं सगळं लिखाण पहिल्यासाठी आहे. ललित बंद करू नका, ते तुमचं आहे, त्यातून तुमची भाषा कळते. पण पतसंस्थेचा मॅनेजर 'पंचगंगेवरचा पाऊस' असं शोधून तुमच्याकडे येणार नाही ना. त्याला अध्यक्षांचं मनोगत लिहून हवंय, ठेवी-कर्ज-एनपीएचे आकडे सभासदाला समजतील अशा भाषेत मांडून हवेत, आणि सभेच्या आधी हवेत.

म्हणून 'सेवा' हे एक पान मोडा आणि प्रत्येक कामाचं स्वतंत्र पान करा. अहवालाचं वेगळं, स्मरणिकेचं वेगळं, अनुवादाचं वेगळं, गौरवअंकाचं वेगळं. प्रत्येकात तो माणूस फोनवर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं द्या. मला काय काय पाठवावं लागेल, किती दिवस लागतील, प्रूफ कोण तपासणार, डीटीपी तुम्ही करता की नाही, दुरुस्त्या किती वेळा, पैसे पानाप्रमाणे की शब्दाप्रमाणे. दर लिहायला आपल्याकडे सगळे घाबरतात, पण निदान 'अमुक रुपयांपासून पुढे' असं लिहाच, ज्याला परवडत नाही तो फोन करत नाही आणि जो करतो तो तयारीने करतो, दोघांचाही वेळ वाचतो. असल्या एका नीट पानाची किंमत वीस ब्लॉगपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

ब्लॉग लिहायचाच तर त्याच माणसासाठी लिहा. 'संस्थेची पंचवीस वर्षं झाली, स्मरणिका काढायचीये, सुरुवात कुठून करावी', 'जुन्या संचालकांच्या मुलाखती घेताना काय विचारावं', 'अहवालात हमखास होणाऱ्या शुद्धलेखनाच्या चुका'. हे मराठीत नीट कोणी लिहिलेलंच नाहीये, त्यामुळे वर यायला फार झगडावं लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर दोन्ही ठेवा. पुण्या-मुंबईच्या, बंगलोरच्या एजन्सीत जो प्रोजेक्ट मॅनेजर बसलाय त्याला मराठी येतच नसतं, तो इंग्रजीत शोधतो, इंग्रजीतच वाचतो, आणि तुमचं पान समजलं नाही की पुढच्याकडे जातो. अनुवादाचं पान इंग्रजीत हवंच. अहवाल-स्मरणिकेचं मराठीत, पण त्यात एखाद्या ठिकाणी इंग्रजी नावही येऊ द्या कारण मराठी माणूससुद्धा गूगलमध्ये बऱ्याचदा रोमन अक्षरांत टाईप करतो. अनुवादासाठी प्रोझ नावाची डिरेक्टरी आहे, १९९९ पासून चालू आहे, तिथे फुकट प्रोफाइल करून साईटची लिंक द्या. लिंक्डइनवर पण.

एक काळजी घ्या. संस्थेच्या अहवालाचे तुकडे साईटवर टाकायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, साधा मेल चालतो. अनुवादात तर गोपनीयतेचा करार असतोच, तिथे खऱ्या कामाचा नमुना टाकायचा नाही, सार्वजनिक असलेला एखादा सरकारी उतारा घेऊन स्वतः अनुवाद करून ठेवायचा.

छापखाना_सांगली

आमचा प्रेसचा धंदा, वडिलांपासून. वरचं सगळं बरोबर आहे पण ताई खरं सांगतो, पतसंस्थेचा मॅनेजर अहवाल लिहायला माणूस हवा म्हणून गूगल करत नाही, तो मला विचारतो. नाहीतर सीएला विचारतो. किंवा मागच्या वर्षीचाच अहवाल घेतो, तारखा आणि आकडे बदलतो आणि देतो पाठवून, अध्यक्षांचं मनोगत शब्दन् शब्द तेच.

म्हणजे वेबसाईट नको असं नाही म्हणत मी. वेबसाईट दाखवायला लागते. मी जेव्हा म्हणतो की एक बाई आहेत कोल्हापूरच्या, चांगलं लिहितात, तेव्हा समोरचा म्हणतो काहीतरी दाखवा की. तेव्हा मला व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवता आली पाहिजे, ती उघडल्यावर मोबाईलवर दोन सेकंदात अहवालाचा नमुना दिसला पाहिजे. तुमच्या होमपेजवर आधी सूर्यास्त आणि कविता दिसली तर माझं तिथेच संपलं. म्हणून आपल्या भागातल्या आठ-दहा प्रेसवाल्यांना, डीटीपीवाल्यांना, दोन-चार सीएंना जाऊन भेटा आणि फक्त अहवालाच्या पानाची लिंक द्या. आमचाही फायदाच आहे त्यात, मजकूर वेळेवर आणि स्वच्छ आला की मशीन थांबत नाही.

वेळ पण बघा. संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, मग ऑडिट, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे जुलै-ऑगस्टला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते आणि तेव्हा कोणी नवीन लेखक शोधत बसत नाही. तुम्ही एप्रिल-मे मध्ये फिरा, तेव्हा माणसं निवांत असतात, बोलतात. तुमचं अहवालाचं पान सुद्धा त्याच्या आधी तयार पाहिजे.

आणि हक्काची जागा म्हणजे अहवालातच शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव असतं, त्याच्याशेजारी 'लेखन व संपादन' असं लिहून तुमच्या साईटचा पत्ता आणि क्यूआर कोड टाकायला सांगा. एक अहवाल शेकडो सभासदांच्या घरी जातो आणि त्यातले काही जण दुसऱ्या संस्थांवर, शाळांच्या कमिटीवर असतात. बिल करतानाच ठरवून घ्या, नंतर सांगितलं तर राहतं.

वेबमिस्त्री

हे भारी सांगितलंत. त्या क्यूआरला जोडूनच सांगतो, कोडची लिंक वेगळी ठेवा, शेवटी युटीएमचा टॅग (माणूस कुठून आला ते सांगणारा तुकडा) लावा, मग ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साईटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, वेगळं दिसतं की छापील अहवालावरून किती आले. आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली चौकट येते ना चित्र आणि शीर्षकाची, ती नीट येतेय ना बघा. एसइओ प्लगिनमध्ये (सर्चमध्ये साईट नीट दिसावी म्हणून वर्डप्रेसला लावायची जोडणी) सोशल नावाचा भाग असतो तिथे प्रत्येक पानाचं चित्र देता येतं, चित्राची फाईल हलकी ठेवा, जड असेल तर चौकट रिकामी येते.

परदेशस्थ_आजरेकर

मी लेखक नाही, गिऱ्हाईक आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. कॅनडात असतो. आईच्या आठवणी लिहून घ्यायच्या होत्या, तिचं लहानपण आजऱ्याजवळच्या खेड्यातलं, तिची ऐंशी पूर्ण होत होती आणि मला तिथे महिनाभर जाऊन बसणं शक्य नव्हतं. इथून कोणाला विचारणार, ओळखीत कोणी लिहिणारं नाही, त्यामुळे मी गूगलच केलं, आणि इंग्रजी अक्षरांतच. जे सापडलं त्यात बहुतेक 'कंटेंट' करणाऱ्या कंपन्या होत्या, वेबसाईटचा मजकूर लिहून देणाऱ्या. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाशी बोलून लिहून देणारं कोणी असं स्पष्ट सांगतच नव्हतं.

शेवटी ज्यांना काम दिलं त्यांच्या साईटवर फार काही नव्हतं, पण एक पान होतं, त्यात लिहिलं होतं की मी स्वतः घरी येते, पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढत नाही, आईवडिलांना जे सांगायचं नसेल ते विचारत नाही. खाली एका आजींच्या आठवणींतलं एक पान होतं, नाव बदलून, जात्यावर बसून सासूबाईंशी झालेलं बोलणं, त्यांच्याच बोलीत. ते वाचून मी लगेच फोन लावला. दर काय आहे हे नंतर विचारलं. आईच्या तोंडची भाषा ही बाई मोडणार नाही एवढी खात्री मला हवी होती आणि ती त्या एका पानाने दिली.

तुम्ही गौरवअंक करता म्हणताय तर हे काम तुम्ही करूच शकता. परदेशात माझ्यासारखे खूप आहेत ज्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत आणि हे राहून जाईल अशी मनात भीती आहे. या कामाचं एक पान इंग्रजीत करा, कोल्हापूर, सांगली, बेळगाव कुठे कुठे जाऊ शकता ते लिहा, भारतातली कुठली वेळ फोनला सोयीची ते लिहा, पैसे बाहेरून कसे पाठवायचे ते लिहा. इथल्या महाराष्ट्र मंडळांची वार्षिकं आणि दिवाळी अंक निघतात, संपादक घरचं काम सांभाळून करतात आणि त्यांना मजकूर हवाच असतो. त्यात एक चांगला लेख द्या, खाली दोन ओळींत तुम्ही काय काम करता आणि साईटचा पत्ता.

लेखणी_कोल्हापूर

वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. असं काम मी केलंय दोनदा, ओळखीतल्या लोकांसाठी, पण ते सेवा म्हणून साईटवर लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. हे पान मी सगळ्यात आधी करणार.

जाहिरातीचं कोणी सांगेल का? फेसबुकवर पोस्ट बूस्ट करा म्हणून सारखं येतं. आणि गूगल मॅपवर नाव टाकतात तसं मी घरून काम करते तर टाकता येईल का?

अनुवाद_नाशिक

बूस्टने लाईक वाढतात, काम नाही, निदान आपल्या धंद्यात तरी मी असंच बघितलंय. गूगलची जाहिरात छोट्या बजेटवर करून बघायला हरकत नाही पण दोन गोष्टी सांभाळा. 'मराठी कंटेंट रायटर' असले शब्द घेतलेत तर त्यावर क्लिक करणारे जास्त करून नोकरी शोधणारे असतात, पैसे तुमचे जातात आणि बायोडेटा तुम्हाला येतात. म्हणून जॉब, सॅलरी, कोर्स, वर्क फ्रॉम होम, फ्री हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये (हे शब्द शोधणाऱ्याला जाहिरात दिसत नाही) टाका, आणि जाहिरातीचे शब्द कामाचेच घ्या, स्मरणिका लेखन, अहवाल अनुवाद असे. आणि डिस्प्ले नेटवर्क (गूगल सर्चबाहेर इतर साईट-ॲपवर दिसणाऱ्या जाहिराती) बंद करा, नाहीतर कुठल्या कुठल्या गेमच्या ॲपमध्ये तुमची जाहिरात दिसते. जाहिरात होमपेजवर आणून सोडू नका, त्या त्या कामाच्या पानावर आणा. पण पानं तयार व्हायच्या आधी एक रुपयाही घालू नका.

मॅपचं, हो, तुम्ही गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करता म्हणजे चालतं. घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देता ते दाखवता येतं. नुसतं ऑनलाईन काम करणाऱ्यांना ते चालत नाही, माझं त्यामुळेच नाही. व्हेरिफिकेशनला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, कामाची जागा, व्हिजिटिंग कार्ड, छापलेले अहवाल असं दाखवा. आणि जुन्या गिऱ्हाइकांना रिव्ह्यू लिहायला सांगा, नुसते पाच तारे नकोत, काय काम केलं ते दोन वाक्यांत. त्या बदल्यात सवलत वगैरे देऊ नका, ते नियमात बसत नाही.

छापखाना_सांगली

रिव्ह्यूपेक्षा जुन्या चेअरमनकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या आणि त्या साईटवर टाका. आमच्याकडे अजून त्याला किंमत आहे. जे रिटायर झालेत म्हणता ना, त्यांच्याकडेच आधी जा, त्यांचा शब्द संस्थेत अजून चालतो, नवीन मॅनेजरला तेच फोन करतील.

वेबमिस्त्री

लेखणीताई, हे सगळं सुरू करायच्या आधी आज रात्रीच एक काम करा. तुमच्या संपर्क पानावर फॉर्म आहे ना, तो दुसऱ्याच्या मोबाईलवरून भरून पाठवा आणि तुम्हाला मेल येतोय का बघा. वर्डप्रेसचा फॉर्म साध्या पद्धतीने सर्व्हरवरून मेल टाकतो आणि जीमेल तो पुष्कळदा स्पॅममध्ये ढकलतं, कधी तर पोचतच नाही. म्हणजे कोणी विचारलं असेल तरी तुम्हाला कळलं नसेल. स्पॅमचं फोल्डर जुन्या तारखांपर्यंत चाळा, तिथे एक महिन्यापर्यंतचेच राहतात त्यामुळे उशीर करू नका. नसेल पोचत तर एसएमटीपीचं (मेल खऱ्या मेल खात्यातून पाठवणारं) प्लगिन टाका, तुमचा जीमेल त्याला जोडा, आणि फॉर्मच्या वरती व्हॉट्सॲपचं बटण आणि फोनची वेळ ठळक द्या. पतसंस्थेचा माणूस फॉर्म भरत नाही, तो सरळ फोन लावतो. झालं की इथे सांगा, सर्च कन्सोल जोडताना अडलं तर स्क्रीनशॉट टाका, मी संध्याकाळी सातनंतर असतो.